मांजरसुंब्याचा चढ : ट्रेलरच्या इंजिन-शीतकरणाच्या कामाच्या नोंदी

१९ जानेवारी २०२४

गेल्या मे महिन्यात आमचा ट्रेलर पोकलेन घेऊन बीडहून निघाला आणि पाली ओलांडून मांजरसुंब्याचा घाट चढताना पंधरा दिवसांत दोनदा तापला. पहिल्या वेळी पाणी उकळून बाहेर पडले. दुसऱ्या वेळी चालक मामांनी ओल्या पोत्याने रेडिएटरचे झाकण उघडले आणि त्यांचा हात मनगटापर्यंत भाजला. त्यानंतर हेड गॅस्केट (इंजिन आणि त्यावरचे सिलिंडर हेड यांच्यामधली गळती रोखणारी चकती) बदलले, खर्च झाला आणि गाडी धावू लागली, पण ती का तापली याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. यंदा ते उत्तर शोधूनच उन्हाळ्याला सामोरे जायचे, असे ठरवले आहे.

आमच्या धंद्याची अडचण अशी की सर्वांत जड काम सर्वांत कडक उन्हातच येते. तलावातला गाळ तलाव आटल्यावरच काढता येतो आणि विहिरींचे खोदकामही पाणी खाली गेल्यावरच निघते. २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाल्यापासून मार्च ते जून पोकलेनची ने-आण वाढलेली आहे, आणि गेल्या पावसाळ्यात पाऊस कमी झाल्यामुळे यंदा ती आणखी वाढेल. वाहन जुने आहे : सहा सिलिंडरचे, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) आणि इंटरकूलर (ती हवा गार करणारी जाळी) असलेले २३० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन. हा ओढणारा पुढचा भाग, ज्याला आमच्याकडे घोडा म्हणतात, मागचा लो-बेड ट्रेलर आणि वरचे पोकलेन यांचे एकत्र वजन ३८ टनांच्या आसपास भरते.

२७ जानेवारी

घाटात जाण्याआधी दोन तपासण्या गॅरेजमध्येच केल्या. पहिली गॅस्केटची. इंजिन चालू ठेवून रेडिएटरच्या तोंडावरची हवा निळ्या रसायनाच्या नळीतून ओढून घेतली. ज्वलनाचा वायू पाण्यात मिसळत असेल तर हा निळा रंग पिवळट होतो. वीस मिनिटे इंजिन चालवूनही तो निळाच राहिला, म्हणजे गेल्या वर्षी बसवलेले गॅस्केट धड आहे.

दुसरी तपासणी झाकणाची. झाकणावर ०.७ बार असा दाबाचा आकडा कोरलेला होता, पण दाब तपासायच्या हातपंपावर लावल्यावर ते ०.३ बारलाच सुटू लागले. तेवढ्याशा स्प्रिंगकडे कोणी लक्ष देत नाही, त्यामुळे हे सविस्तर लिहिते. मोकळ्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते, तेही समुद्रसपाटीला. आमच्या पठारावर दोन अंश आधीच. रेडिएटरमध्ये दाब वाढला की उकळण्याचे तापमान वर जाते : ०.७ बार दाबाला साधे पाणी ११४ अंशांपर्यंत टिकते, ०.३ बारला मात्र १०५-१०६ अंशांनाच उकळी फुटते. शिवाय सिलिंडर हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपासचे बीड, म्हणजे ओतीव लोखंड, पाण्यापेक्षा कितीतरी गरम असते, त्यामुळे काट्यावर अजून धोका दिसत नसताना तिथे वाफेचे बुडबुडे धरू लागतात आणि वाफ धातूची उष्णता पाण्यासारखी उचलत नाही. नवे झाकण बसवले. त्यामुळे इंजिन एका अंशानेही थंड होणार नाही, फक्त उकळीची मर्यादा वर सरकली आहे, याची जाणीव ठेवूनच पुढचे काम करायचे आहे.

४ फेब्रुवारी

डॅशबोर्डवरच्या काट्याला हिरवा पट्टा आणि लाल पट्टा एवढेच कळते. म्हणून तीन तापमापी बसवले : एक रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये (पाण्याच्या रबरी नळीत), एक खालच्या होजवर आणि एक गाडीच्या पुढच्या जाळीमागे, रेडिएटरच्या आधी, ऊन थेट लागणार नाही अशा जागी. पहिली चाचणी सकाळी सात वाजता झाली. हवा २२ अंश, तिसरा गिअर, इंजिनाचे मिनिटाला १,८५० फेरे, ताशी १७ किलोमीटर, आणि माथ्यावर पोचताना पाणी ८८ अंश. मामा समाधानाने म्हणाले, “ताई, गाडी तर चांगलीय की.”

संध्याकाळी विचार केल्यावर लक्षात आले की या आकड्याला काहीच अर्थ नव्हता. आमच्या इंजिनाचा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापले की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, ८२ अंशांना उघडू लागतो आणि ९५ अंशांना पूर्ण उघडतो. ८८ अंशांवर तो अर्धवट उघडा होता, म्हणजे तापमान किती राहायचे हे रेडिएटरची ताकद ठरवत नव्हती, थर्मोस्टॅट ठरवत होता. मडक्याला तडा आहे की नाही हे मडके अर्धेच भरून पाहण्यासारखे हे झाले.

२५ फेब्रुवारी

आजची चाचणी दुपारी अडीच वाजता, त्याच वजनाने, त्याच गिअरमध्ये. जाळीमागची हवा ३३ अंश आणि माथ्यावर पोचण्याच्या आधी स्थिर झालेले पाणी १०० अंश.

या दोन आकड्यांतील वजाबाकी हेच या कामाचे मोजमाप राहील. इंजिनावरचा भार तोच असेल, पंखा आणि पंप त्याच वेगाने फिरत असतील आणि थर्मोस्टॅट पूर्ण उघडा असेल, तर पाणी हवेपेक्षा जितके अंश गरम राहते तो फरक जवळजवळ कायम असतो. कारण रेडिएटर जेवढी उष्णता हवेला देतो ती या फरकाच्या प्रमाणातच देतो. हवा दहा अंशांनी तापली की पाणीही दहा अंशांनी तापते. म्हणून फेब्रुवारीत केलेल्या चाचणीवरून मे महिन्याचे भाकीत करता येते. आजचा फरक ६७. त्यात ४२ अंशांची हवा मिळवली की १०९. गेल्या वर्षीचे झाकण १०५-१०६ अंशांनाच हार मानत होते. गेल्या मे महिन्यात जे घडले ते घडणारच होते, आणि ते डिसेंबरात कोणाला दिसले नाही याचे कारण डिसेंबरात हवा २५ अंशांची असते.

२७ फेब्रुवारी

भाराचा हिशेब कागदावर केला. चढ शेकडा ५ धरला. ३८ टन वजन ५ टक्के चढावर खेचायला सुमारे १८,६०० न्यूटन आणि टायरांच्या घर्षणासाठी आणखी ३,०००. ताशी १७ किलोमीटर वेगाने हे ओढायला चाकांपाशी सुमारे १०२ किलोवॅट आणि गिअरबॉक्स व डिफरन्शियलमधील घट धरून इंजिनापाशी ११६ किलोवॅट लागतात. डिझेलमधील ऊर्जेपैकी शेकडा ३८ भाग कामी येतो असे धरले तर इंजिन ताशी ३० लिटरच्या हिशेबाने डिझेल जाळत आहे. उरलेल्यातील मोठा वाटा सायलेन्सरमधून बाहेर जातो आणि सुमारे ८० किलोवॅट पाण्यात उतरतात. घरच्या गॅसच्या शेगडीचा मोठा बर्नर दोन-अडीच किलोवॅटचा असतो. असे पस्तीस बर्नर एका वेळी चालू ठेवून त्यांची सगळी उष्णता दीड हात रुंदीच्या जाळीतून वाऱ्यावर सोडायची, असे हे काम आहे. सपाट रस्त्यावर हेच वाहन निम्म्याहून कमी भारावर चालते आणि समोरून ताशी ५० किलोमीटरचा वारा आपोआप येतो. घाटात भार दुप्पट होतो आणि वारा मात्र पंख्यानेच आणावा लागतो. जड ओढकामातली खरी कठीण वेळ हीच.

हिशेबातून आणखी एक धागा मिळाला. एवढ्या मोठ्या इंजिनाचा पंप या फेऱ्यांना सेकंदाला चारेक लिटर पाणी फिरवतो असे धरले, तर ८० किलोवॅट उष्णता देताना पाणी रेडिएटरमध्ये पाचेक अंशांनीच थंड व्हायला हवे. प्रत्यक्षात वरच्या आणि खालच्या होजमध्ये ९ अंशांचा फरक दिसला होता. खालचा होज गार लागला की रेडिएटर उत्तम चालला आहे, असे गॅरेजमध्ये सर्रास मानतात. येथे अर्थ उलटा होता : पाणी अपेक्षेच्या जवळपास निम्मेच फिरत होते. वाट कुठेतरी अडलेली आहे.

३ मार्च

गॅरेजमधील मिस्त्री काकांचा सल्ला पहिल्या दिवसापासून एकच होता : “ताई, वॉल काढून टाका. वॉल काढला की गाडी तापायचं नावच घेत नाही.” वॉल म्हणजे थर्मोस्टॅट. काकांच्या हाताखाली मी स्पॅनर धरायला शिकले आहे, त्यामुळे त्यांचे म्हणणे बाजूला सारण्याआधी त्यांच्या समोरच तपासायचे ठरवले.

थर्मोस्टॅट पातेल्यातील पाण्यात दोऱ्याने टांगून, शेजारी तापमापी धरून तापवला. तो ८३ अंशांना हलू लागला, पण ९५ अंशांना ६ मिलिमीटरच उघडला, जेव्हा तो ९ मिलिमीटर उघडायला हवा. अडथळ्याचा एक भाग सापडला. म्हणजे काकांचा संशय योग्य जागी होता. उपाय मात्र मला मान्य नव्हता आणि त्याचे कारण त्यांना सुटा भाग हातात देऊन दाखवले. या थर्मोस्टॅटच्या खालच्या टोकाला दुसरी एक चकती असते. वरचा मार्ग उघडत जातो तशी ती खालचा आडमार्ग बंद करत जाते. थर्मोस्टॅटच काढून टाकला तर तो आडमार्ग कायम उघडा राहतो आणि इंजिनातून निघालेल्या गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता थेट पंपाकडे परत येतो. थंडीत इंजिन कधीच नीट तापत नाही, तेल घट्ट राहते, सिलिंडरची झीज वाढते, आणि भर उन्हात घाट चढताना रेडिएटरला पूर्ण पाणीही मिळत नाही. काकांनी चकती अंगठ्याने दाबून पाहिली, थोडा वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, “जुन्या गाड्यांना ही चकती नव्हती.” तेही खरे आहे. नवा थर्मोस्टॅट बसवला.

१० मार्च

फरक ६५. फक्त दोन अंशांचा लाभ. वाट अजून कुठेतरी अडलेली आहे, पण आधी बाहेरची बाजू पाहायची.

१७ मार्च

आजचा दिवस रेडिएटरच्या जाळीचा. समोरून पाहिली तर ती स्वच्छ दिसत होती, कारण समोर दिसतो तो इंटरकूलर. त्याच्या मागे चार बोटांचे अंतर सोडून रेडिएटर आहे आणि त्या दोहोंमधली फट गेल्या कित्येक वर्षांत कोणी पाहिलेलीच नव्हती. इंटरकूलरचे बोल्ट काढून तो पुढे झुकवला तेव्हा रेडिएटरच्या खालच्या तिसऱ्या भागावर नमद्यासारखा जाड थर हाताला लागला. त्यात सरकीच्या गाड्यांमागून धावताना उडालेला कापूस होता, सोयाबीनचा भुसा होता, उसाचे पाचट होते, आणि या सर्वांना धरून ठेवणारे तेल होते. ते तेल इंजिनाच्या ब्रीदर नळीतून (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येणाऱ्या वाफेचे. आमच्या मुलखातील सगळी पिके त्या जाळीत जमा झाली होती.

धुण्याची रीत महत्त्वाची आहे. मागे एका धुलाई केंद्रावर समोरून जोराच्या दाबाने फवारा मारला होता, त्यामुळे वरच्या भागातील पत्र्याचे नाजूक पापुद्रे आडवे पडले होते आणि कचरा आणखी आत रुतला होता. या वेळी पंख्याचा काउल (पंख्याभोवतीचे कवच) उतरवून इंजिनाकडच्या बाजूने, म्हणजे वाऱ्याच्या उलट दिशेने, साबणाचे पाणी सोडले, अर्धा तास भिजू दिले आणि नळाच्या साध्या दाबाने धुतले. चार वेळा असे केल्यावर मागे धरलेल्या बॅटरीचा उजेड पुढून सर्वत्र सारखा दिसू लागला. आडवे पडलेले पापुद्रे बारीक कंगव्यासारख्या अवजाराने सरळ करायला पूर्ण संध्याकाळ गेली. ब्रीदरची नळी लांब करून तिचे तोंड जाळीपासून दूर, मागे चेसिसकडे वळवले. ते केले नसते तर दोन हंगामांत पुन्हा हेच झाले असते.

२४ मार्च

होळीचा दिवस असल्यामुळे रस्ता रिकामा होता. फरक ६०.

२ एप्रिल

पंख्याभोवतीचा काउल पुन्हा बसवताना खालच्या बाजूचे रबर गायब असल्याचे आणि पात्यांच्या टोकापासून काउलपर्यंत एका बाजूला ४० मिलिमीटर, तर दुसऱ्या बाजूला १५ मिलिमीटर अंतर असल्याचे दिसले. इंजिनाची रबरी बैठक खचल्यामुळे पंखा एका बाजूला उतरला होता. पंख्याला सोपी वाट मिळाली तर तो जाळीतून हवा ओढण्याऐवजी इंजिनाच्या खोलीतीलच तापलेली हवा पुन्हा पुन्हा फिरवत बसतो. बैठक बदलली, अंतर चहूबाजूंनी २० मिलिमीटर केले आणि रेडिएटरच्या कडांना फोमच्या पट्ट्या लावल्या. फरक ५८. दोन अंशांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे धाकट्या भावाने विचारले. सध्या मी हे दोन-दोन अंश वेचूनच साठवते आहे.

१० एप्रिल

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पंख्याच्या क्लचकडे वळले. आमचा पंखा इंजिनाला थेट जोडलेला नाही. मध्ये सिलिकॉन तेल भरलेला क्लच आहे. त्याच्या तोंडावर दोन धातूंची एक गुंडाळी असते. जाळीतून येणारी हवा तापली की ती पीळ घेते, तेलाला वाट मोकळी करते आणि पंखा जोरात फिरू लागतो. हवा थंड असेल तेव्हा पंखा सैल फिरतो आणि डिझेल वाचते.

पात्यावर चमकती पट्टी चिकटवून घाटाच्या माथ्यावर, इंजिन तापलेले असताना फेरे मोजले. इंजिन १,८०० फेऱ्यांवर असताना पंखा १,०५० फेरेच घेत होता. क्लचच्या कडेला तेलकट धूळ चिकटलेली होती, म्हणजे सिलिकॉन तेल गळून गेले होते. इंजिन बंद असताना पंखा हाताने ढकलला तर तो अडखळत थांबायला हवा. आमचा तीन-चार फेरे मोकळेपणाने फिरला. नवा क्लच बसवल्यावर त्याच स्थितीत १,६५० फेरे मिळाले. पंख्याची हवा फेऱ्यांच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे जाळीतून दीडपटीहून अधिक हवा जाऊ लागली. फरक ५४.

चढावर पाणी ९५ अंशांकडे जाऊ लागले की पंखा ‘धरतो’, तेव्हा केबिनमध्ये मोठा घुमणारा आवाज येतो. मामा पहिल्यांदा दचकले. नंतर त्यांनी सांगितले की गाडी नवी होती तेव्हा हा आवाज येत असे, पण तो केव्हा बंद झाला हे त्यांना आठवत नाही. तो बंद झाला तेव्हा केबिन शांत झाली म्हणून आम्ही सगळेच खूश झालो असणार.

२१ एप्रिल

आता रेडिएटरची आतली बाजू. गाडी गरम असताना जाळीवर रांगेने तापमान मोजले तेव्हा डाव्या बाजूची सहा बोटे रुंदीची पट्टी बाकीच्या जाळीपेक्षा वीस अंशांनी गार लागली. त्या भागातील नळ्यांमधून पाणी वाहतच नव्हते.

कारण शोधायला दूर जावे लागले नाही. पाणी कमी झाले की जिथे असू तिथले बोअरचे पाणी ओतायचे, ही आमची वर्षानुवर्षांची रीत. बोअरचे पाणी जड असते. घरी बोअरचे पाणी तापवण्याच्या भांड्याला जो पांढरा थर धरतो, तोच इंजिनातही धरतो, आणि नेमका सर्वांत तापलेल्या जागी, सिलिंडरच्या भोवती, अधिक जाड धरतो. हा थर बिडाच्या तुलनेत उष्णता कितीतरी पटींनी कमी वाहू देतो. त्याचा वाईट भाग असा की पाण्याचे तापमान मोजून तो कळत नाही : पाणी थंड असते आणि धातू भाजत असतो.

रेडिएटर तांब्या-पितळेचा असल्याने रेडिएटरवाल्याने वरची आणि खालची टाकी डाख सोडवून उघडली आणि प्रत्येक नळीतून पातळ पट्टी घालून ती मोकळी केली. खाली ठेवलेल्या घमेल्यात ओंजळभर पांढरट-तांबूस चुरा जमला. इंजिनाच्या पोटात सायट्रिक आम्लाचे सौम्य पाणी भरून ते तापवले, फिरवले, काढले आणि बाहेर पडणारे पाणी नितळ दिसेपर्यंत साध्या पाण्याने धुतले.

भरताना निम्मे कूलंट आणि निम्मे क्षारविरहित पाणी घेतले. ग्लायकोलमुळे बर्फ होत नाही म्हणून आपल्याकडे त्याची गरज नाही, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मराठवाड्यात बर्फाचा प्रश्न नाही हे बरोबर, पण आम्हाला कूलंट हवे आहे ते दुसऱ्या दोन कारणांसाठी. पहिले, निम्म्या मिश्रणाचे उकळण्याचे तापमान साध्या पाण्यापेक्षा सात-आठ अंशांनी जास्त असते, त्यामुळे ०.७ बारच्या झाकणाखाली ते १२० अंशांच्या वर टिकते. दुसरे कारण त्यातील गंजरोधक द्रव्ये. जड डिझेल इंजिनात ज्वलनाच्या प्रत्येक ठोक्याने सिलिंडरचा लायनर (आतले नळकांडे) सूक्ष्म कंप पावतो, त्याच्या पाण्याकडच्या बाजूवर बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि प्रत्येक फुटण्याने धातूचा कण निघतो. वर्षानुवर्षे असे होत राहिले की लायनरला सुईने टोचल्यासारखी भोके पडतात. योग्य द्रव्ये पृष्ठभागावर संरक्षक पापुद्रा धरून हे रोखतात. आमच्याच जुन्या इंजिनाचा असा टोचलेला लायनर काकांनी पानाच्या डब्याशेजारी अजून ठेवला आहे. त्याचे कारण त्यांना आज पटले.

या मिश्रणाची एक उणी बाजूही आहे. साध्या पाण्यापेक्षा त्याची उष्णता धरण्याची क्षमता कमी असते, त्यामुळे तापमान अंश-दोन अंश वर राहते. ते मी जाणून पत्करले आहे.

२३ एप्रिल

पेंडगावच्या पुढे सपाट रस्त्यावर रिकामी गाडी असताना पाणी अचानक १०६ अंश दाखवू लागले आणि दोन मिनिटांत ८५ वर आले. पुन्हा वर, पुन्हा खाली. क्षणभर वाटले की हेड गेले. थांबून विचार केला तेव्हा समजले की इतक्या झटपट चढउतार पाण्याचा असू शकत नाही, मापक वाफेत किंवा हवेत उघडा पडत असला पाहिजे. परवा पाणी भरताना गाडी उतारावर नाक खाली करून उभी होती आणि हवेची पोकळी हेडमध्ये अडकली होती. गाडी नाक वर येईल अशी उभी केली, इंजिन थंड होऊ दिले, झाकण काढून चालू केले आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थोडे थोडे मिश्रण घालत राहिले. तब्बल तीन लिटर मावले.

२८ एप्रिल

फरक ५३. दोन होजमधला फरक ९ वरून ६ अंशांवर आला. पाणी आता हिशेबाप्रमाणे फिरत आहे.

५ मे

आजची चाचणी यंत्राची नव्हती, चालवण्याची होती. मामा हा घाट गेली वीस वर्षे चौथ्या गिअरमध्ये, १,२५० फेऱ्यांच्या आसपास इंजिन दाबून चढत आले आहेत, कारण फेरे कमी तर डिझेल कमी, अशी त्यांची धारणा आहे. आतापर्यंतच्या सर्व चाचण्या माझ्या आग्रहाने तिसऱ्या गिअरमध्ये झाल्या. आज एकाच दुपारी, एकाच वजनाने दोन फेऱ्या केल्या. दोन्ही वेळा वेग ताशी १७ किलोमीटरच होता.

तिसऱ्या गिअरमध्ये, १,८५० फेऱ्यांवर फरक ५३. चौथ्या गिअरमध्ये, १,२५० फेऱ्यांवर फरक ६२, आणि तोही अजून चढत असताना माथा आला.

वेग तोच, वजन तेच, म्हणून इंजिनाकडून मागितलेले काम जवळजवळ तेच. बदलले ते एवढेच की पाण्याचा पंप आणि पंखा दोन्ही इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतात, आणि इंजिनाचे फेरे एक तृतीयांशाने कमी झाले की पाणी आणि वारा दोन्ही तेवढ्याच प्रमाणात घटतात. टर्बोलाही कमी हवा मिळते, प्रत्येक ठोक्याला जास्त डिझेल जळते आणि सायलेन्सरमधून काळा धूर येतो, तो आज चौथ्या गिअरमध्ये स्पष्ट दिसला. दोन महिने दोन-दोन अंश जमवून मी जे मिळवले, त्यातले नऊ अंश एका गिअरने परत नेले.

मामांचे म्हणणेही मी टाळणार नाही. पंखा फिरवायला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १,२५० वरून १,८५० वर गेले की ती तिपटीहून जास्त होते, आणि ती शक्ती डिझेलमधूनच येते. सपाट रस्त्यावर त्यांची रीत योग्य आहे. त्यामुळे असे ठरले : पालीच्या पुढे चढ सुरू होताच, इंजिन गुदमरण्याची वाट न पाहता आधीच तिसरा गिअर घ्यायचा, आणि माथ्यावर पोचल्यावर इंजिन लगेच बंद न करता चार-पाच मिनिटे मंद चालू ठेवायचे, म्हणजे टर्बोमध्ये आणि हेडमध्ये साठलेली उष्णता तेलाबरोबर आणि पाण्याबरोबर निघून जाईल. “ताई, हे तुम्ही आकडा दाखवून सांगितलं म्हणून ऐकतो,” मामा म्हणाले. केबिनमध्ये हवेचा आणि पाण्याचा असे दोन आकडे शेजारी शेजारी दिसतील अशी सोय करून दिली आहे. वजाबाकी ते तोंडी करतात.

१८ मे

भाकिताची परीक्षा आज झाली. पोकलेन नेकनूरच्या पलीकडच्या तलावावर पोचवायचे होते आणि निघायला दुपारचा एक वाजला. मोबाइलवर बीडचे तापमान ४२ अंश. ५३ मिळवून ९५ यायला हवे होते. माथ्यावर आकडा १०१.

सहा अंश कुठून आले, या विचाराने मी अस्वस्थ झाले आणि परतल्यावर नोंदी तपासल्या. चार अंशांचा उलगडा लगेच झाला : जाळीमागची हवा ४६ अंश होती. हवामानाचा आकडा सावलीतला, जमिनीपासून वरचा, मोकळ्या जागेतला असतो. आमचा बंपर डांबरापासून हातभर उंचीवर असतो आणि पुढे दुसरा भरलेला ट्रक आपली गरम हवा मागे सोडत संथ चढत होता. माझ्या आधीच्या सर्व चाचण्यांत मी जाळीमागचीच हवा धरली होती, फक्त भाकीत करताना बातम्यांतला आकडा घेतला. ही चूक माझी. राहिलेले दोन अंश वाऱ्याचे असावेत, कारण चढताना तो मागून वाहत होता आणि ताशी १७ किलोमीटरच्या गतीला मागचा वारा पंख्याची ओढ कमी करतो.

तरीही १०१ आणि उकळीच्या मर्यादेत वीस अंशांचे अंतर राहिले. पोकलेन दुपारी तीनच्या आत तलावावर उतरले. मामांनी झाकणाला हातही लावला नाही. त्यांच्या मनगटावर गेल्या वर्षीचा डाग अजून आहे.

९ जून

पहिला मोठा पाऊस झाला, तलावांची कामे थांबली. हंगामातील शेवटच्या फेरीत फरक ५६ आला होता, म्हणजे पाच आठवड्यांत तीन अंशांनी वाढ. इंटरकूलर झुकवून पाहिले तर फटीत गाळाच्या मुरमाची तांबडी भुकटी बसलेली होती. या वेळी ती कोरडी होती, तेलकट नव्हती, आणि अर्ध्या तासात धुऊन निघाली. ब्रीदरची नळी वळवल्याचा हा परिणाम.

धुतल्यावर रिकाम्या दिवशी दुसऱ्याच्या पोकलेनचे भाडे घेऊन घाट चढून पाहिला : ५३. मामांनी तो आकडा पांढऱ्या रंगाने डॅशबोर्डवर लिहून घेतला आहे आणि त्याच्या खाली ५८. अट्ठावन्न आले की जाळी उघडायची, तोवर नाही.